उतारूंचं दादर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रेल्वेने प्रवास करणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे : उतारू. तो कुठून निघाला, किती लांबून आला, याची चौकशी हा शब्द करत नाही. तो कुठे उतरणार, एवढंच विचारतो. ज्या जागी तो उतरतो ती जागा म्हणजे त्याचा उतारा. जुन्या पिढीतली माणसं गावात आलेल्या परक्या माणसाला पहिला प्रश्न हाच करत, ‘उतारा कुठे?’

‘हॉटेल’ या शब्दाचीही आपल्याकडे गंमत झाली. इंग्रजांच्या लेखी हॉटेल म्हणजे राहायची जागा. मराठी माणूस मात्र हॉटेलात जातो तो चहा प्यायला आणि भजी खायला. राहायचं असेल तर तो लॉज शोधतो, नाहीतर ‘राहण्याची व जेवणाची उत्तम सोय’ अशी पाटी शोधतो. हॉटेलात पैसे देऊन मुक्काम करायचा, ही कल्पना आपल्या अंगवळणी फार उशिरा पडली. त्याआधी आपले मुक्काम ठरत ते नात्यावर, गाववाल्यांवर आणि जातीवर.

आज मला दादरबद्दल बोलायचं आहे. दादर म्हणजे जिना. मुंबईत शिरायचा हा जिना खरोखरच आहे, कारण मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वेमार्गांचे उतारू इथे उतरतात. पण उतरल्यावर त्यांनी पाठ कुठे टेकायची? मुंबईने दीडशे वर्षांत या प्रश्नाची तीन उत्तरं दिली. त्यातली दोन चांगली रुजली. तिसरं अजून अर्धवट आहे, आणि ते अर्धवट राहिल्याची खूण दादरइतकी स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

पहिलं उत्तर पैशाचं. १८७१ साली काळा घोडा भागात वॉटसन्स हॉटेल सुरू झालं. बिडाच्या खांबांची आणि तुळयांची ती इमारत विलायतेहून सुटे भाग आणून इथे जोडलेली. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचा सिनेमा हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवला गेला तो याच हॉटेलात. पुढे १६ डिसेंबर १९०३ रोजी अपोलो बंदराच्या काठावर जमशेटजी टाटांचं ताजमहाल हॉटेल उघडलं. आज ताज आणि गेटवे ऑफ इंडिया आपण एका दमात म्हणतो. पण गेटवे पुरा झाला १९२४ साली, हॉटेलनंतर वीस वर्षांनी. बोटीतून उतरणाऱ्या श्रीमंत पाहुण्यासाठी आधी खोली तयार झाली, मग कमान.

मध्यमवर्गाचीही सोय हळूहळू झाली. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहाचं नाव आपल्याला ठाऊक आहे ते लोकमान्यांमुळे. मुंबईला आले की टिळकांचा मुक्काम तिथे असे, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी देह ठेवला तोही तिथेच. देशाचा एवढा मोठा पुढारी उतारू म्हणून आलेल्या जागी गेला आणि त्याचे अंत्यसंस्कार गिरगावच्या चौपाटीवर झाले, हे मुंबईच्या स्वभावाला धरूनच झालं म्हणायचं. या शहरात मोठमोठी माणसं पाहुणी म्हणून आली आणि कायमची इथलीच होऊन गेली.

दुसरं उत्तर आपल्या माणसांचं. गिरगाव, सी. पी. टँक, भुलेश्वर या भागांत वेगवेगळ्या ज्ञातींच्या दानशूर माणसांनी धर्मशाळा बांधल्या. माधवबाग, हिराबाग ही नावं आजही पत्त्यात येतात. धोबीतलाव, माझगाव भागात गोव्याच्या लोकांनी कूड उभारले. कूड म्हणजे खोली. गोव्यातल्या एकेका गावाने मुंबईत आपली एकेक खोली किंवा मजला घेऊन ठेवला होता. बोटीवर नोकरी करणारा खलाशी दोन सफरींच्या मधल्या काळात तिथे उतरायचा. भिंतीशी त्याची ट्रंक असायची, कोपऱ्यात गावच्या संताचा देव्हारा असायचा, संध्याकाळी सगळे मिळून प्रार्थना करायचे. समुद्रावर पोट असलेल्या माणसांनी स्वतःच्या हिमतीवर केलेली ही निवासाची योजना होती. तिला कुणा इंजिनिअरचा नकाशा नव्हता, की सरकारची मदत नव्हती.

परळ-लालबागेत हेच काम गिरणगावाने केलं. रत्नागिरीच्या, साताऱ्याच्या एकेका गावातली बिनकुटुंबाची माणसं एका गाळ्यात राहायची. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच जागी अंथरूण टाकायची. जेवण खानावळवालीकडे. या खानावळवाल्या बायकांनी गिरणी कामगार जगवला. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना संघटित केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला या व्यवसायाची दखल घ्यावी लागली.

आणि मध्यमवर्गीय दादरमध्ये? तिथे प्रत्येक घर म्हणजे एक छोटी धर्मशाळाच होती. आमचं घर दोन खोल्यांचं. के.ई.एम.मध्ये दाखवायला आणलेले चुलते, नोकरीच्या मुलाखतीला आलेला आत्तेभाऊ, परीक्षेसाठी आलेली मामेबहीण, सगळी आमच्याकडेच उतरायची. पत्र आधी येई, कधी माणूस आधी येई आणि पत्र मागाहून. गॅलरीत झोपायची पाळी आम्हा मुलांची असे. आई कुरकुर करायची, पण पिठलं-भाताचं आधण वाढवायची. मुंबईतल्या किती रोग्यांचे उपचार आणि किती तरुणांच्या नोकऱ्या अशा गॅलऱ्यांवर उभ्या राहिल्या, याचा हिशेब कुठल्याच दफ्तरात सापडणार नाही.

पण या दुसऱ्या उत्तरात एक मोठी खोट होती. ज्याचं मुंबईत कुणी नाही त्याचं काय? आणि ज्याला ‘आपला’ म्हणायला कुणी तयार नाही त्याचं काय?

याचं सर्वांत जळजळीत उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेला हा तरुण १९१७ साली नोकरीसाठी बडोद्याला गेला. स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न हाच : उतरायचं कुठे? हिंदूंच्या खानावळीत जात विचारणार. शेवटी एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून, रोज दीड रुपया भाड्याने त्यांनी मुक्काम केला. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले डझनभर लोक दारात उभे राहिले. सामान घेऊन बाहेर पडावं लागलं. दोन मित्रांकडे विचारून पाहिलं, त्यांनाही ठेवून घेता येईना. दिवस सार्वजनिक बागेत काढला आणि रात्रीच्या गाडीने बाबासाहेब मुंबईला परतले. खिशात पैसे होते, पदव्या होत्या, संस्थानाची नोकरी होती. नव्हता तो फक्त उतारा.

इथून तिसरं उत्तर सुरू होतं, ते म्हणजे हक्काचं. त्याचा एक धागा दादरच्या रस्त्यावरच्या पाटीत आहे. दादर पश्चिमेला एस. के. बोले मार्ग आहे. आपण रोज तिथून जातो, पण पाटीवरचे बोले कोण, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. रावबहादूर सीताराम केशव बोले हे भंडारी समाजातले, म्हणजे या किनाऱ्यावरच्याच समाजातले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात त्यांचा प्रसिद्ध ठराव संमत झाला. अस्पृश्यांना सार्वजनिक पाणवठे आणि विहिरी खुल्या कराव्यात, असं त्यात होतं. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने त्याला धरून आपलं तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, ते कागदावरच राहिलं, आणि मग २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. हा इतिहास आपण शाळेत शिकलो.

पण बोल्यांच्या ठरावात पाण्याच्या बरोबरीने आणखी एक शब्द होता, तो आपण विसरलो. तो शब्द होता धर्मशाळा. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या आणि चालवलेल्या धर्मशाळा सर्वांना खुल्या असाव्यात, असं तो ठराव सांगत होता. शाळा, कचेऱ्या, दवाखाने हे पुढे होतंच. तहानेल्याला पाणी, तसं वाटसरूला छप्पर, हे दोन्ही एकाच दर्जाचे हक्क आहेत, हे दादरच्या रस्त्याला ज्याचं नाव आहे त्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवलं.

दुसरा धागा गाडगेबाबांचा. बाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. लोकांकडून पै-पैसा गोळा करणाऱ्या या माणसाने देव बांधला नाही, उतारा बांधला. बाबासाहेब गेले ते ६ डिसेंबर १९५६ रोजी. गाडगेबाबा त्याच महिन्याच्या वीस तारखेला गेले. आज दादर पूर्वेला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळच्या टाटा हॉस्पिटलात उपचाराला येणारे कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं तिथे अगदी अल्प दरात राहतात. जात तिथे कुणी विचारत नाही.

आता शहर आखणाऱ्यांकडे वळू या. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, हवा-उजेड आणायचा, हे त्याचं काम. दादर-माटुंग्याची आखणी ट्रस्टचीच. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी त्यातून झाल्या. १९२५ साली शिवाजी पार्कचं मैदान खुलं झालं. ते नसतं तर दादर हे दादर झालंच नसतं. या आखणीचं ऋण मी मानतो. बाबासाहेबांचं बिऱ्हाडही आधी परळच्या ट्रस्टच्या चाळीत होतं आणि नंतर त्यांनी ‘राजगृह’ बांधलं ते हिंदू कॉलनीत.

मात्र या आखणीने मोजला तो रहिवासी. किती माणसं राहणार, किती खोल्या, किती मोकळी जागा, हे सगळं मोजलं. येणारा-जाणारा मोजला नाही. आणि गंमत अशी, की त्याच काळात त्याच परिसरात असं काही उभं राहत होतं, की ज्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्यांचा लोंढा लागणार होता. १९२६ साली के.ई.एम. रुग्णालय सुरू झालं. १९२९ साली मुलांचं वाडिया रुग्णालय. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटल. तिन्ही परळमध्ये, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. नवं रुग्णालय बांधताना खाटा मोजल्या जातात. पण कर्करोगाचा रुग्ण सबंध उपचारभर खाटेवर नसतो. त्याला आठवड्यातून पाच दिवस किरणोपचारांसाठी यायचं असतं, असे कित्येक आठवडे. मधल्या काळात त्याने राहायचं कुठे? बिहारहून, बंगालमधून, यवतमाळहून आलेल्या माणसाला आमच्यासारख्यांच्या गॅलरीचा पत्ता कुठून ठाऊक असणार? म्हणून ती माणसं पदपथावर पथारी पसरतात. ताज बांधणाऱ्या घराण्याच्या विश्वस्तनिधीनेच हे रुग्णालय बांधलं. एका इमारतीत पाहुण्यासाठी खोली आहे, दुसरीच्या बाहेर पाहुणा फुटपाथवर आहे. दोष रुग्णालयाचा नाही. त्याने बरं करायचं काम घेतलं होतं. राहण्याची सोय करणं हे शहराचं काम होतं.

वांद्र्याचं अर्नेस्ट बोर्जेस यांच्या नावाचं निवासस्थान, लहान मुलांसाठी २००६ पासून चाललेली सेंट ज्यूडची केंद्रं, आणि दादरची धर्मशाळा, ही सगळी या उणिवेवरची ठिगळं आहेत. ठिगळं मोलाची आहेत, पण कापड कमी पडतं आहे. २०२१ साली म्हाडाने करी रोड भागातल्या शंभर सदनिका टाटा रुग्णालयाला रुग्णांच्या नातेवाइकांसाठी द्यायचं ठरवलं. त्या इमारतींमधल्या रहिवाशांनी हरकत घेतली. निर्णयाला स्थगिती मिळाली आणि लगेच बॉम्बे डाइंग गिरणीच्या जागेवरच्या इमारतीत पर्यायी शंभर सदनिका देण्याचं ठरलं. तेव्हा पुष्कळांनी त्या रहिवाशांना निर्दयी ठरवलं. मला तसं वाटत नाही. जिन्यात रोज नवी माणसं दिसली की कुणालाही धास्ती वाटते. चूक कुठे होती, तर राहत्या घरांच्या मधोमध उतारा घुसवण्यात. रुग्णालयाचा आराखडा होताना उताऱ्याची जागा ठरली असती, तर शेजारी आणि रुग्ण एकमेकांसमोर उभे ठाकले नसते.

आणि आता ६ डिसेंबर. बाबासाहेबांचं पार्थिव दिल्लीहून मुंबईला आलं ते राजगृहात, आणि ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते तिथल्या स्तूपाचं उद्घाटन झालं. तेव्हापासून चैत्यभूमीला दर वर्षी लाखो माणसं येतात. विदर्भातून, मराठवाड्यातून, पॅसेंजरच्या डब्यात बसून, बरोबर भाकरी बांधून. जाताना पुस्तकं विकत घेऊन जातात. बडोद्यात ज्यांना अकरा दिवसांवर उतारा मिळाला नाही, त्यांच्यासाठी आलेली ही माणसं शिवाजी पार्कच्या मातीत झोपतात.

महापालिका काही करत नाही असं नाही. मंडप घातला जातो, टँकर लागतात, फिरती शौचालयं येतात, वैद्यकीय कक्ष असतो. कित्येक संस्था जेवण वाटतात. पण हे सगळं दर वर्षी नव्याने उभारायचं आणि चार दिवसांनी मोडायचं. २०१७ साली ओखी वादळाचा पाऊस नेमका ५ डिसेंबरला आला. मैदानात चिखल झाला, मंडप कामाला येईना. तेव्हा पालिकेने आसपासच्या शाळा उघडून लोकांची सोय केली. संकटात सुचलेली ती युक्ती खरं म्हणजे कायमची योजना व्हायला हवी होती.

दादरकरांची दुसरी बाजूही मी नाकारत नाही. शिवाजी पार्क हे मुलांचं मैदान आहे. तिथे पक्कं बांधकाम नको, हा आग्रह योग्यच आहे. किनाऱ्यालगत बांधकामावर १९९१ पासून सागरी किनारा नियमनाची बंधनं आहेत, तीही हवीतच. पण जागा नाही म्हणून योजनाच करायची नाही, हे मला पटत नाही. नाशिकला कुंभमेळा बारा वर्षांनी भरतो. तरी तपोवनात साधुग्रामासाठी जागा राखायची, हे नियोजनात गृहीत असतं. पंढरपुरात चंद्रभागेच्या काठी ‘६५ एकर’ नावाचा तळ आखला आहे. वारीच्या दिवसांत तिथे दिंड्यांना जागा वाटून दिल्या जातात, पाणी-शौचालयांची व्यवस्था त्या जागेवरच असते. बारा वर्षांनी येणाऱ्यासाठी आराखड्यात जागा निघते, मग दर वर्षी ठरलेल्या तारखेला येणाऱ्यासाठी का निघू नये?

१९९१ च्या मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत तारांकित हॉटेलांना जादा चटईक्षेत्र देण्याची तरतूद आली. पर्यटक येतील, रोजगार वाढेल, हा त्यामागचा हिशेब. तो चुकीचा म्हणत नाही. पण शहराला पाहुण्यासाठी जादा जागा देता येते, हे त्यातून सिद्धच झालं. प्रश्न फक्त कोणत्या पाहुण्यासाठी, एवढाच उरतो.

माझं म्हणणं साधं आहे. रुग्णालयाची खाट वाढली की तिच्या जोडीने उताऱ्याच्या किती जागा वाढल्या, हे कागदावर मांडलं जावं. दादर-परळमध्ये गिरण्यांच्या जमिनींवर आणि जुन्या चाळींच्या जागी जे बांधलं जातं आहे, त्यात स्वतंत्र जिन्याची, स्वतंत्र दाराची सार्वजनिक धर्मशाळा असावी. दादर-माहीम परिसरातल्या पालिकेच्या शाळा नव्याने बांधताना पुरेशी शौचालयं, पाण्याच्या टाक्या, सामान ठेवायची जागा अशी रचना व्हावी, म्हणजे डिसेंबरातल्या त्या तीन-चार दिवसांत त्या निवारा म्हणून उघडता येतील. मैदानाच्या कडेला जमिनीखालून पाण्याचे आणि मलनिस्सारणाचे नळ कायमचे टाकले, तर मैदान मैदानच राहील आणि वर्षातून एकदा तळही होईल. यातलं एकही काम अवघड नाही. हॉटेलसाठी जेवढी बुद्धी आपण खर्च केली, तिच्या निम्म्यानेही हे होईल.

पाण्याचा हक्क महाडने मिळवून दिला. त्याच ठरावातला छपराचा हक्क मात्र आपण दानशूरांवर, नातेवाइकांवर आणि गॅलऱ्यांवर सोपवून मोकळे झालो. आता दोन खोल्यांच्या घरांतल्या गॅलऱ्याही खिडक्या लावून खोलीत घेतल्या गेल्या. पाहुणा पूर्वीसारखा येत नाही, आणि आला तरी संध्याकाळच्या गाडीने परततो. अशा वेळी ‘उतारा कुठे?’ हा प्रश्न घराच्या उंबऱ्यावरून उठून नगराच्या आराखड्यात जायला हवा. त्याचं उत्तर तिथे लिहिलं जाईल, तेव्हा बोल्यांच्या नावाची रस्त्यावरची पाटी नुसती पाटी राहणार नाही.